बाजूचं पंक्चर

कळमेश्वर

चि. मृणाल,


काल फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं मला बाजारात गाठलं. "भाचीबाईंच्या टायरला बाजूनं भोक आहे. मी नाही म्हटलं, तर त्यांनी पुढच्या दुकानात दोरी भरून घेतली ना बाप्पा." त्यात रविवारी तू पिहूला घेऊन समृद्धी महामार्गानं शिर्डीला निघणार, हे ताईकडून कळलं. रात्री डोळा लागला नाही.

खिळा टायरच्या मधल्या पट्ट्यात असता, भोक सहा मिलिमीटरच्या आत असतं, तर मीच म्हटलं असतं, नवा कशाला घेतेस, चाकावरून उतरवून आतून पॅच लावून घे. तिथे पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजूला तो नसतो. धाग्यांच्या थरावर पातळ रबर, तेही प्रत्येक फेऱ्यात दबतं, सुटतं, तापतं. तिथे दोरी काय धरणार? गावातल्या गावात हे कळत नाही. मे महिन्याच्या उन्हात, सिमेंटच्या रस्त्यावर, 120 च्या वेगानं कळतं. शिर्डी 520 किलोमीटर आहे, मृणाल! डिसेंबर 2022 मध्ये तो रस्ता सुरू झाला तेव्हापासून टायर फुटल्याच्या बातम्या वाचतोय, आणि काल रात्री सगळ्या आठवल्या.

शिवाय हवा गेल्यावरही तू गाडी तशीच दुकानापर्यंत रेटलीस म्हणे. अशानं रिमखाली बाजू चिरडते, आत रबराचा भुगा होतो आणि बाहेरून टायर धडधाकट दिसतो. तो बदलायचाच.

संत्र्याच्या हंगामात गोटा झालेल्या टायरांना आतून गेटर घालून मी मेटाडोर नागपूरला न्यायचो. नव्या टायरला पैसेच नसायचे. मी परत येईपर्यंत तुझी आजी जेवायची नाही. जेवलीस का, असं मी तिला एकदाही विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

जरा जास्तच बोललो, मनावर घेऊ नकोस. गाडी तू छान चालवतेस. ताईला त्या रात्री भर पावसात दवाखान्यात तूच नेलंस, ते मी विसरलेलो नाही. पण बाजूच्या दोरीवर पिहूला बसवू नकोस गं.

शनिवारी सकाळी स्टेपनी लावून इकडे ये, दुकानात दोघं जाऊ. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघून घेऊ, 0525 म्हणजे 2025 च्या पाचव्या आठवड्यातला. पडून राहिलेला माल नको. या महिन्यात हप्त्याची ओढाताण असेल तर पैसे मी देतो, जावईबापूंना सांगायची गरज नाही. पिहूलाही आण. मामी तिच्यासाठी सांज्याच्या पोळ्या करणार आहे, तुझ्यासाठी तिखट वेगळं.

तुझा,
मामा