रंगातील शिसे



आमचे बालपण कोकणात गेले. तेथे पावसाळ्यात दारेखिडक्यांचा रंग उडतो. म्हणून चवथीपूर्वी घरोघरी जुने पोपडे खरवडून नवा रंग देण्याची घाई असते. ग्वाल्हेरीस आल्यावर पाहतो तो तीच घाई येथे दिवाळीपूर्वी! १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि त्यातून लष्कर हा भाग वसला. तेथील जुन्या वाड्यांच्या दारांवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या रंगांचे थर एकावर एक चढलेले दिसतात. अशाच एका वाड्यात आमचे बिऱ्हाड आहे.

गेल्या दिवाळीपूर्वी, रंगाऱ्याची मजुरी वाचावी म्हणून आम्ही स्वतःच दार पॉलिश पेपराने घासून काढले. हिरवी-पिवळी भुकटी ओसरीभर पसरली. आमची धाकटी कन्या त्या भुकटीत बोटाने अक्षरे गिरवीत होती आणि मधूनमधून तेच बोट तोंडात घालीत होती. आम्हांस तिच्या अक्षरांचे कौतुक वाटले! त्या भुकटीत काय असू शकते, हे पुढे वाचनात आले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. रसायनशास्त्र आमचा विषय नव्हे. तरी त्या अज्ञानाचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहोत.

रंगात शिसे येते कोठून? सफेदा, शेंदूर आणि कित्येक झगझगीत पिवळे रंग हे शिशाचेच क्षार होत. शिशामुळे तैलरंग लवकर वाळतो, लाकूड चांगले झाकतो आणि ऊनपावसात टिकतो. म्हणून शतकानुशतके रंगाऱ्यांनी त्याला जवळ केले. परंतु शरीरात शिशाला काहीच काम नाही. शरीर त्याला चुना, म्हणजे कॅल्शियम, समजून फसते व हाडांत साठवून ठेवते. पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा अंश प्रौढाच्या अंगी लागतो, त्याच्या चौपट-पाचपट लहान मुलाच्या अंगी लागतो. आणि मुलाचा मेंदू तर त्या वेळी घडत असतो. बुद्धी मंदावते, लक्ष टिकत नाही, स्वभाव चिडखोर होतो. मूल तापाने फणफणत नाही. म्हणून आईबापांस कळत नाही, आणि आम्ही शिक्षक त्याला ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. रक्तातील शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे ज्ञान काही कालचे नव्हे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी गिब्सन नावाचे नेत्रवैद्य होते. शिशाची बाधा झालेली मुले त्यांच्याकडे येत. ओसरीच्या कठड्यांवरील रंग सुटून मुलांच्या हातांस लागतो व हातावाटे तोंडात जातो, हे त्यांनी १९०४ मध्ये लेख लिहून मांडले. त्यांच्या क्वीन्सलँड प्रांतात याविषयी कायदा झाला तो १९२२ मध्ये. तत्पूर्वी १९२१ मध्ये जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने इमारतींच्या अंतर्भागात सफेदा वापरू नये असा करार संमत केला होता. पण त्यात कारखाने व रेल्वेस्थानके यांस सवलत ठेवली होती, आणि सर्व राष्ट्रांनी तो स्वीकारलाही नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशाने घरगुती रंगांतील शिशावर बंदी घातली ती १९७८ मध्ये. २००२ च्या जोहान्सबर्ग परिषदेत रंगांतील शिसे हटविण्याचा संकल्प झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून त्यासाठी एक जागतिक आघाडी उभारली. तरीही २०२४ च्या आरंभी जगातील निम्म्याहून थोड्या कमी देशांतच असा बंधनकारक कायदा होता.

आपल्या देशात दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’सारख्या संस्थांनी बाजारातील रंग तपासून हा प्रश्न पुढे आणला. १ नोव्हेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने नियम प्रसिद्ध केले आणि एका वर्षाने ते अमलात आले. घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये, आणि तसे डब्यावर छापले पाहिजे, असा तो नियम आहे. गिब्सनसाहेबांच्या लेखापासून येथवर ११२ वर्षे लोटली. सत्य कळणे आणि ते आचरणात येणे यांतील अंतर किती मोठे, आणि त्याचे मोल कोण देते, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

पण नियम पुढे पाहतो, मागे पाहत नाही. २०१७ पूर्वी चढलेले थर आजही आपल्या दारांवर, गजांवर, पाळण्यांवर आहेत. शिवाय कारखान्यांत यंत्रांसाठी वापरावयाचे रंग या नियमात बसत नाहीत. तेव्हा त्यांचा उरलेला डबा घरच्या झोपाळ्यास लावू नये. नवा रंग घेताना डब्यावर शिशाचे प्रमाण वाचावे. जुना रंग अखंड असेल तर त्याला उगाच छेडू नये. पोपडे काढावेच लागले तर कोरडे कधीही घासू नयेत. पाणी मारून, ओले करून काढावेत. त्या वेळी मुलांना व गर्भवती स्त्रियांना दूर ठेवावे, भांडी झाकावीत. पडलेले पोपडे जाळू नयेत. केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावेत. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. दूध, नाचणी, पालेभाज्या आहारात असाव्यात. कारण कॅल्शियम व लोह कमी पडले की शरीर शिसे अधिक शोषून घेते.

आमच्या कन्येचे रक्त आम्ही तपासून घेतले. उपचाराची गरज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा जीव भांड्यात पडला. पण तो आमच्या शहाणपणाचा नव्हे, दैवाचा भाग होता. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी धाकटी भावंडे आहेत. येत्या दिवाळीत वडील मंडळी दारे घासावयास बसली, तर पाण्याची बादली घेऊन तुम्ही त्यांच्यापाशी जा आणि हा लेख त्यांस वाचून दाखवा. या एका बाबतीत वडीलधाऱ्यांना शिकविण्याचा अधिकार आम्ही तुम्हांस आनंदाने देत आहोत.