उमरीच्या मुलांना सत्याग्रह कसा शिकवायचा?



१७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यातल्या शाळांमधून मुक्तिसंग्राम दिनाची तयारी सुरू होते. झेंडावंदन होतं, भाषणं होतात. भाषणांत रझाकार येतात, पोलीस ॲक्शन येते आणि उमरीत तर बँकेवरचा छापा येतोच. येत नाही तो सत्याग्रह. त्यामुळे मुलांच्या डोक्यात एक समज पक्का बसतो : अहिंसा म्हणजे दांडीचं मीठ, ती दुसरीकडची गोष्ट; आपल्याकडे स्वातंत्र्य बंदुकीनं आलं. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग आठवी ते दहावीच्या वर्गात कसा मांडता येईल, ते आज पाहू.

सत्याग्रह म्हणजे काय?

मुलांना व्याख्या पाठ करायला लावू नका. महाडचं उदाहरण घ्या. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेनं आधीच केला होता, पण अस्पृश्य समाजाला ते पाणी प्रत्यक्षात मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तरी त्यांनी उलट हात उचलला नाही. पुढे कोर्टाची लढाई दहा वर्षं चालली. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल बाजूनं दिला.

यातून मुलांना तीन गोष्टी काढायला सांगा. मागणी न्याय्य आणि स्पष्ट हवी. अन्यायाचा नियम मोडायचा तो लपून नाही, उघड मोडायचा. आणि त्याचा त्रास दुसऱ्याला न देता स्वतः सोसायचा. अमेरिकेत माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीय लोकांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. तिथंही याच तीन गोष्टी दिसतात.

आपल्याकडे काय परिस्थिती होती?

आता मुलांना आपल्या भागात आणा. उमरी, नांदेड, लातूर हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमामुळे परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती. खाजगी शाळा काढायची तरी सरकारची मंजुरी लागे. तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी बहुसंख्य प्रजा, पण वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. ‘तुमच्या गॅदरिंगला पोलिसांची परवानगी लागली असती तर?’ एवढं विचारा, मुलांना लगेच कळतं.

१९३८ चा सत्याग्रह

स्वामी रामानंद तीर्थ हे शिक्षक होते, हे मुलांना आवर्जून सांगा. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत त्यांनी शिकवलं. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारनं तिच्यावर बंदी घातली. मग कार्यकर्त्यांनी ठरवलं की बंदी उघडपणे मोडायची आणि तुरुंगात जायचं. २४ ऑक्टोबर १९३८ ला गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीनं सत्याग्रह केला. काही दिवसांत स्वामीजींनाही अटक झाली. त्याच सुमारास औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. शेकडो मुलांना काढून टाकलं गेलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठानं आधार दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. आपल्या दहावी-बारावीच्या मुलांहून ही मुलं फार मोठी नव्हती.

या सत्याग्रहातला सर्वांत शिकण्यासारखा भाग म्हणजे तो थांबवणं. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह चालू होते. राजकीय हक्कांच्या लढ्याला धर्माच्या भांडणाचा रंग चढू लागला. गांधीजींच्या सल्ल्यानं स्टेट काँग्रेसनं दोनच महिन्यांत, २४ डिसेंबर १९३८ ला, सत्याग्रह तहकूब केला. लढा निजामाच्या राजवटीशी होता, कुठल्या धर्माशी नव्हता. ही रेघ पुसली जाऊ नये म्हणून भरात आलेलं आंदोलन थांबवायला मोठी हिंमत लागते.

उमरीचा प्रश्न

आता आपल्या गावचा अवघड प्रश्न. वर्गातलं एखादं पोरगं विचारणारच, ‘सर, मग बँक लुटली ते बरोबर की चूक?’ हा प्रश्न टाळू नका.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबादेत तिरंगा फडकवला म्हणून स्वामीजी तुरुंगात गेले. रझाकारांचा जुलूम वाढत गेला. सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले आणि लढ्याला सशस्त्र वळण लागलं. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

बँकेवरचा छापा ही अहिंसा नव्हती, हे सरळ सांगावं. जिवावर उदार झालेल्या त्या माणसांचा त्याग लहान करायचं कारण नाही. पण त्याला सत्याग्रहाचं नाव देऊ नये. मुलांपुढे प्रश्न ठेवावा : जुलमी सत्ता ऐकतच नसेल तर माणसानं काय करावं? आणि शस्त्र हाती घेतलं की ते कुठं थांबतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच जिल्ह्यानं पाहिलंय. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. त्यानंतर गावोगावी सूड उगवला गेला आणि त्यात रझाकारांशी काही संबंध नसलेली मुस्लिम कुटुंबंही भरडली. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांची समिती पाहणीला आली. संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिनं नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावं लिहिली. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेत होता.

पालकहो, हे कशाला उकरायचं, असं वाटेल. पण आपल्या वर्गात एकाच बाकावर दोन्ही घरांतली मुलं बसतात. १७ सप्टेंबरच्या भाषणात आपण ‘निजामी राजवट’ म्हणायच्या ऐवजी ‘ते लोक’ म्हणालो, तर एक मूल मान खाली घालतं. १९३८ मध्ये स्वामीजींनी जी रेघ जपली, ती आपण वर्गात जपायला हवी. रझाकारांविरुद्ध आणि भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिणारा ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये मारला गेला. त्याचं नाव भाषणात घ्या. त्या मुलाची मान वर येईल.

वर्गात एवढं करून पाहा

- गावातल्या आजी-आजोबांकडून त्यांच्या घरात ऐकलेल्या आठवणी मुलांना लिहून आणायला सांगा. दोन्ही बाजूंच्या घरांतून.
- सत्याग्रह, बहिष्कार, सशस्त्र कारवाई आणि सूड असे चार रकाने करा. शिकवलेल्या घटना मुलांनाच त्यांत बसवू द्या. वाद होऊ द्या.
- शाळेतला किंवा गावातला एखादा अन्यायाचा नियम शोधायला सांगा. तो बदलण्यासाठी अर्ज, भेट आणि शांततेचा निषेध, या क्रमानं काय करता येईल ते गटात ठरवू द्या.

नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचं नाव आहे. उमरीची पोरं उद्या त्याच नावाची पदवी घेतील. ती घेताना, न्यायासाठी उभं राहायचं पण कुणाचा द्वेष करायचा नाही, एवढं त्यांना ठाऊक असलं तरी पुष्कळ झालं. येत्या १७ सप्टेंबरला भाषणांची यादी करताना सत्याग्रहालाही त्यात जागा द्या.