बूट खुंटीवर, पाय गवतात

सापापासून पाय वाचवायला नेमकं काय घालावं, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: घालणार कोण, काम कोणतं आणि किती वेळ? बाजारात काही शे रुपयांचे गमबूट आहेत, तसे काही हजारांचे परदेशी लेगगार्डही आहेत. पण म्हैसूरला संसार थाटून हुणसूर रस्त्यावर थोडी शेती करायला लागल्यापासून माझं मत पक्कं झालंय. जे पायात टिकत नाही, ते कितीही जाड असलं तरी कुचकामी.

आमच्या शेतावर गुरांचं बघणारे एक अज्जा होते. त्यांच्यासाठी गमबूट आणले होते. “अम्मा, आत पाय शिजतात,” म्हणत त्यांनी ते गोठ्यातल्या खुंटीला टांगले. एकदा दिवस मावळताना बांधावरचं गवत कापत असताना घोणस त्यांना घोट्याच्या जरा खाली चावली. पायात रबरी चप्पल होती. कुणीतरी घाईघाईने गुडघ्याखाली दोरी आवळली. ती पुढे डॉक्टरांनीच सोडली. म्हैसूरला पोचेपर्यंत पोटरी टम्म फुगली होती आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ते 20 मिनिटं न हलवता ठेवलं. गोठलं नाही. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवतं, त्याची ही साधी चाचणी. प्रतिविषाने अज्जा वाचले, पण चावलेल्या जागेचं मांस सडलं आणि ते कायमचे लंगडू लागले.

घरात साप निघाला की म्हैसूरकरांना साप पकडणारे स्नेक श्याम आठवतात. शेतात, अंधारात, पायाखाली निघालेल्या सापासाठी कुणाला बोलवायला वेळच नसतो. 2000 ते 2019 या वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यातले सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे ऐन पेरणी-खुरपणीच्या दिवसांतले. कर्नाटकाने 2024 च्या फेब्रुवारीत सर्पदंशाची सरकारदरबारी नोंद सक्तीची केली. हुणसूर भागात लियाना ट्रस्ट ही संस्था शेतकऱ्यांबरोबर दंश टाळण्याचं काम करते. माझं काम त्याहून खूप लहान, आमच्या शेतावर येणाऱ्या माणसांच्या पायांपुरतं.

शेतातले बहुतेक दंश पावलाला, घोट्याला, फार तर पोटरीला होतात. म्हणून पहिला पैसा पावलावर खर्च करावा. चपलेवर महागडा लेगगार्ड बांधून हिंडणारे हौशी पक्षीनिरीक्षक मी पाहिलेत. नडगी चिलखतात आणि बोटं उघडी. साधा, पोटरीपर्यंतचा गमबूट पाऊल, घोटा, पोटरी असं सगळं एका झटक्यात झाकतो, आणि चिखल लागला तर बादलीभर पाण्याने धुता येतो.

तो घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड सुती मोजे घालूनच माप बघा. पोटरीशी बूट सैल हवा. तो घट्ट बसला तर विषदंताला थेट कातडी सापडते. मधे बोटभर पोकळी असली तर दात बुटातच अडकण्याची शक्यता वाढते. पण टाच आत सरकत असेल तर माणूस ढेकळांत अडखळतो आणि दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा खुंटीवर. अज्जांचे बूट एक माप मोठे होते, हे मला नंतर कळलं. उन्हात राहून प्लास्टिक कडक होतं आणि घोट्याच्या घडीवर चिरतं, तेव्हा दर पावसाळ्याआधी ती घडी वाकवून बघावी. बूट सावलीत उलटे टांगावेत आणि घालण्याआधी जोरात झटकावेत. आत विंचू बसलेला आम्हाला सापडला आहे.

बायकांच्या मापाचे गमबूट मिळवताना मात्र मी मेटाकुटीला आले. खुरपणी बहुतेक बायकाच करतात आणि दुकानदार सुरुवात करतो पुरुषांच्या मापापासून. शेवटी सांगून मागवावे लागले. घेणाऱ्यांनी ही माहिती आधीच काढून ठेवावी.

भाताच्या चिखलात गमबूट रुततो, हे मान्य. लावणी कुणी बुटांत करणार नाही. पण कापणीच्या वेळी शेत सुकलेलं असतं, दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस. तेव्हा तरी बूट हवेतच. तंबाखूच्या पानांखाली, नाचणीच्या गंजीजवळ, उसाच्या पाचटात तर नक्कीच.

लेगगार्ड कुणी घ्यावा? डोंगर चढणाऱ्यांनी, जंगलात लांब चालणाऱ्यांनी, ज्यांच्या पायात आधीच चांगले बंद बूट आहेत त्यांनी. तो पोटरीला चहूबाजूंनी वेढायला हवा, कारण साप समोरूनच येईल असं नाही. खालची कड लेसवर यायला हवी आणि तळव्याखालून जाणारा पट्टा हवा, नाहीतर चालताना तो वर सरकतो. कोडगूच्या वाटेवर मिळणारे जळूमोजे हे लेगगार्ड नव्हेत. त्यांतून दात सहज आत जातो. मी दुकानात गोणपाट शिवायचं दाभण घेऊन जाते आणि कापडात टोचून पाहते. दुकानदार वैतागतात. दाभण सहज आरपार गेलं तर ते कापड घेऊ नये. गेलं नाही म्हणजे दंश अडेलच, अशी हमी मात्र समजू नये.

काहीच जमत नसेल तर जाड, सैल डेनिमची पॅन्ट. अमेरिकेत मानवी अवयवाच्या प्रतिकृतीवर रॅटलस्नेककडून दंश करवून घेतले, तेव्हा डेनिममुळे आत शिरलेलं विष सुमारे दोन तृतीयांशाने घटलं. साप आपला नव्हे, पण दिशा कळते. अंगाला चिकटणारी लेगिंग मात्र न घातल्यासारखीच.

पश्चिम घाटात, विशेषतः कॉफीच्या मळ्यांत, पाय झाकणं अधिकच महत्त्वाचं. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. तिथे पाचोळ्यात दडणाऱ्या, नाक वर उचललेल्या छोट्या घोणसवर्गीय सापावर ते चालत नाही. तिथे दंश न होणं हाच उपचार.

मण्यारीपुढे मात्र बूट निरुपयोगी. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. त्यावर खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. गवतात हात घालण्याआधी काठी फिरवायची, अंधारात टॉर्च घ्यायची. हातांना बूट नसतात.

आणि तरीही दंश झालाच, तर बूट, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सुजलेल्या पायात ते रुततात. दोरी नको, ब्लेड नको, चोखणं नको. पाय हलवू न देता माणसाला गाडीत घाला. प्रतिविष कोणत्या रुग्णालयात नेहमी असतं, हे पावसाळ्याआधी स्वतः जाऊन विचारून यायचं. आमच्या गोठ्याच्या दारावर त्या रुग्णालयाचं नाव आणि गाडीवाल्याचा फोन नंबर कानडीत खडूने लिहिलेला असतो. पावसाने पुसला की नवा लिहायचा.