गळाची दोरी : काठी व पाणी यांचा मेळ

कृत्रिम माशीला स्वतःचे असे वजन जवळजवळ नसते. तिला दूर नेते ती दोरी. म्हणून काठीवर ६ अंक असल्यास दोरीही ६ क्रमांकाचीच घ्यावी. हा क्रमांक दोरीच्या पुढील ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. हलकी दोरी काठीला वाकवीत नाही, जड दोरी तिच्यावर ताण आणते.

चलथाण परिसरातील मिंढोळा नदीच्या उथळ पात्रात तरंगणारी दोरी उपयुक्त ठरते. तापीवरील उकाई जलाशयाच्या खोल पाण्यात बुडणारी दोरी इष्ट होय. टोकाचा नायलॉन धागा मुख्य दोरीहून कमी ताकदीचा असावा, म्हणजे अडकल्यास तोच तुटतो. मात्र तो कुजत नाही, पाणपक्ष्यांच्या पायांत गुंततो. तुटलेला धागा शक्यतो गोळा करून परत आणणे, हे प्रत्येक गळकऱ्याचे कर्तव्य आहे.