भाईजानची परीक्षा

आमचे घर मालेगावात आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आमच्या गावावरून जातो. या रस्त्याच्या कडेला गॅरेजांची रांगच रांग आहे. त्यांतल्या एका गॅरेजमध्ये माझे भाईजान शाळेच्या सुट्टीत जाऊन बसत. तिथल्या उस्तादांना सगळे मानतात. इंजिनाला नुसता कान लावून ते बिघाड सांगतात. त्यांचे पाहून भाईजानचाही हात चांगला बसला.

दहावी झाल्यावर भाईजानने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. आपल्या देशात कारागिरांना शिकवण्याची ही योजना १९५० साली सुरू झाली. भाईजानच्या शाखेचे नाव 'यांत्रिक मोटारगाडी'. शिक्षण दोन वर्षांचे. शेवटी देशभर एकच व्यवसाय परीक्षा होते आणि पास होणाऱ्याला राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. लेखी परीक्षा आता संगणकावर होते. त्यात शंभरात तेहतीस गुण मिळाले तरी चालतात. प्रात्यक्षिकात मात्र साठ लागतात.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. लेखीत भाईजान पास झाले आणि प्रात्यक्षिकात नापास! त्यांना चोपन्न गुण मिळाले होते. आम्हाला खरेच वाटेना. ज्याचा हात सगळ्यांत चांगला, तोच हाताच्या कामात कसा मागे पडला?

अब्बा यंत्रमागावर काम करतात. त्या दिवसांत माग बरेचदा बंद असे. ते म्हणाले, "काम तर हातात आहे. मग कागद कशाला हवा? उद्यापासून उस्तादांकडे जा. चार पैसे तरी येतील."

अम्मी म्हणाली, "एस.टी.च्या आगारात नाहीतर रेल्वेच्या कारखान्यात कोणी नुसता हात बघत नाही. तिथे आधी प्रमाणपत्र विचारतात."

भाईजान काहीच बोलले नाहीत. ते जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या सरांकडे गेले. सरांनी विचारले, "टॅपेटची फट किती ठेवली होतीस?"

"अंदाजाने ठेवली, सर. इंजिन छान चालले."

"किती, ते विचारतोय मी."

भाईजान गप्प झाले.

"बॅटरी काढताना आधी कोणती तार सोडवलीस?"

"धन तार, सर."

"का?"

याचेही उत्तर भाईजानजवळ नव्हते. सर म्हणाले, "नासिर, तुझा हात शहाणा आहे. पण परीक्षक तुला दोनच गोष्टी विचारतो, किती आणि का. तू पुन्हा परीक्षेला बस. घरी कोणी शिकणारे आहे का?"

"धाकटी बहीण आहे. नववीत आहे."

"मग रोज एक काम तिला समजावून सांग. ती गॅरेजमध्ये काम करत नाही, हे फार बरे आहे. जिथे तू अडशील तिथे पुस्तक उघड."

अशी मी भाईजानची परीक्षक झाले! रोज रात्री आम्ही दिव्याखाली बसत असू. भाईजान सांगत आणि मी प्रत्येक वाक्याला विचारत असे, "का?" कधी कधी ते चिडत. मग पुस्तक उघडत.

पहिल्या रात्री बॅटरीचा विषय निघाला. भाईजान म्हणाले, "आधी ऋण तार सोडवायची. जोडताना ती शेवटी जोडायची."

"का?"

"गाडीचा सगळा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. आपण आधी धन तार सोडवू लागलो आणि पाना चुकून सांगाड्याला लागला, तर ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. ठिणगीने त्याचा भडका उडू शकतो. ऋण तार आधी निघाली, तर धन तार सोडवताना पाना सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही." एवढे सांगून ते थांबले आणि हळूच म्हणाले, "मी इतकी वर्षे उलटे करत होतो, शबाना."

एके दिवशी मी विचारले, "डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. मग डिझेल पेटते कसे?" भाईजानने सायकलचा पंप आणला. त्याचे तोंड बोटाने बंद करून त्यांनी दांडा भराभर दाबला. मग पंपाचे खालचे टोक माझ्या हाताला लावले. ते गरम झाले होते! हवा दाबली की तापते. इंजिनात ती इतकी दाबली जाते की डिझेल आत फवारताच पेटते.

मोजमाप हे त्यांचे सर्वांत कच्चे अंग होते. व्हर्नियर दिसले की ते घाबरत. ते उपकरण घरी आणता येत नव्हते. म्हणून आम्ही पुठ्ठ्याचे व्हर्नियर केले. तुम्हीही करून पाहा. एका पट्टीवर एकेका सेंटिमीटरवर रेघा मारा. दुसऱ्या पट्टीवर नऊ सेंटिमीटर लांबीचे दहा सारखे भाग करा. म्हणजे तिथला प्रत्येक भाग नऊ मिलिमीटरचा होईल. आता दुसरी पट्टी पहिलीला लावून थोडी सरकवा. तिचा शून्य दोन रेघांच्या मध्ये राहील. पण तिची एखादी रेघ वरच्या रेघेशी बरोबर जुळेल. समजा, शून्य ४ च्या पुढे गेला आणि सातवी रेघ जुळली. मग माप झाले ४.७ सेंटिमीटर. खऱ्या व्हर्नियरमध्ये हीच युक्ती असते, फक्त रेघा फार बारीक असतात. आपण उर्दू उजवीकडून वाचतो, पण अंक डावीकडूनच वाचतो. भाईजान घाईत पट्टी उजवीकडून वाचायला लागत आणि आम्ही दोघेही हसत असू.

नावांचीही एक अडचण होती. गॅरेजमध्ये सगळे 'पाटा' म्हणतात, पुस्तकात त्याला 'लीफ स्प्रिंग' म्हणतात. गाडीखाली टेकू देतात ती 'घोडी', पुस्तकात 'ॲक्सल स्टँड'. भाईजानने एक वही केली. डावीकडे गॅरेजचा शब्द आणि उजवीकडे परीक्षेचा. ती वही पाहून मला वाटले, मराठी शिकताना मीही अशीच वही करते!

आणि मग टॅपेट. एका दुपारी मी डबा घेऊन गॅरेजमध्ये गेले. एक जुनी जीप दुरुस्तीला आली होती. उस्ताद चालू इंजिनाला कान लावून म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे."

इंजिन बंद झाले. ते थंड होईपर्यंत सगळ्यांनी जेवण केले. मग भाईजानने सरांकडून मागून आणलेले फिलर गेज काढले. त्यात ठरावीक जाडीच्या पोलादी पाती असतात. जीपच्या पुस्तकात फट ०.३० मिलिमीटर दिली होती. भाईजानने तिसऱ्या सिलिंडरला ०.४५ ची पाती घातली. ती सहज आत गेली.

मी सवयीने विचारले, "फट ठेवतातच का?"

भाईजान म्हणाले, "इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. दाबलेली हवा निसटते आणि व्हॉल्व्ह जळतो. फट जास्त झाली तर टकटक आवाज येतो आणि व्हॉल्व्ह कमी उघडतो." या वेळी त्यांना पुस्तक उघडावे लागले नाही.

उस्ताद त्या पातीकडे बराच वेळ पाहत होते. ते कधी शाळेत गेले नव्हते. मला भीती वाटली, त्यांना राग तर आला नाही? पण ते म्हणाले, "बेटा, माझ्या कानाला तीस वर्षे कळत होते. ते किती आहे, हे मला कोणी विचारले नाही." मग त्यांनी पाती हातात घेतली आणि स्वतः दुसऱ्या सिलिंडरला घालून पाहिली.

पुढच्या परीक्षेत परीक्षकांनी भाईजानला टॅपेटचेच काम दिले. भाईजानने आधी पुस्तकातला आकडा पाहिला, मग फट मोजली, मग कागदावर लिहिली. प्रात्यक्षिकात त्यांना एकाहत्तर गुण मिळाले. त्या रात्री अब्बांनी ते गुण दोनदा वाचायला लावले.

आता आमच्या घरी रोज रात्री भाईजानचे दोन मित्रही पुस्तके घेऊन येतात. "का?" विचारण्याचे काम माझ्याकडेच आहे. उस्तादांनी स्वतःचे फिलर गेज विकत घेतले. ते अजूनही आधी कान लावतात आणि मग पाती घालतात.

स्वाध्याय

१. भाईजान प्रात्यक्षिकात नापास का झाले?
२. अब्बा आणि अम्मी यांच्या म्हणण्यात काय फरक आहे? तुम्हाला कोणाचे पटते?
३. बॅटरीची ऋण तार आधी का सोडवतात? तुमच्या शब्दांत सांगा.
४. वाक्यांत उपयोग करा : हात बसणे, अंदाजाने, भडका उडणे.
५. तुमच्या घरी किंवा गल्लीत चालणाऱ्या एखाद्या कामाचे दहा शब्द गोळा करा. त्यांच्यासमोर पुस्तकातले मराठी शब्द लिहा.