माशांचे घर आणि जमाखर्च

माझे आजोळ मोहगाव. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके मिळून 2023 साली मध्यप्रदेशात नवा पांढुर्णा जिल्हा झाला, त्यातले हे गाव. राज्य हिंदी असले तरी घराघरांतून मराठीच ऐकू येते. गेल्या उन्हाळ्यात तिकडे गेलो असता मामांनी त्यांच्या ओळखीच्या एका लहान मच्छीमार मंडळाची वही माझ्यापुढे टाकली. "कॉमर्स शिकतोस ना? मग सांग, दरवर्षी तोटा का येते?"

वही साधी होती. खर्चाच्या बाजूस मत्स्यबीज, जाळी, डोंगा. जमेच्या बाजूस विक्री. बीज पुष्कळ सोडले जात होते, हाती मात्र थोडेच मासे येत होते. मी ऐटीत म्हणालो, "बीज वाढवा." तेव्हा एक वृद्ध ढिवर हसून म्हणाले, "बाबू, मासोया सोडल्यानं काय होते? तिले लपाले जागा पायजे ना!" हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचा अभ्यास होय.

आपल्या कन्नड भाषिक मित्रांच्या 'केरे'त काय किंवा आमच्या तलावात काय, गाळ साचून तळ सपाट झाला आणि पाणवनस्पती गेल्या, की लहान माशांना आडोसा उरत नाही. बगळे, पाणकावळे व मोठे मासे त्यांचा फडशा पाडतात. अशा ठिकाणी बांबू, फांद्या किंवा झुडपांचे भारे दगड बांधून बुडवले, तर दोन लाभ होतात. एक म्हणजे आसरा. दुसरा असा की, उजेड पोहोचणाऱ्या पाण्यात त्या काड्यांवर शेवाळाचा व सूक्ष्म जीवांचा थर चढतो. रोहू तो खरवडून खातो. कटला मात्र वरच्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांवर जगतो. त्याला या थराचा लाभ कमी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रोहू, कटला व मृगळ हे वाहत्या पाण्यात अंडी घालणारे मासे. साचलेल्या तळ्यात ते सहसा वीत नाहीत. म्हणून आडोसा केला तरी त्यांचे बीज विकत घ्यावेच लागते. मरळ मात्र काठच्या वनस्पतींत घरटे करून तळ्यातच वाढतो. तेव्हा घर कोणासाठी बांधायचे, हे आधी ठरवावे.

ही कल्पना नवी नाही. आसाम व बांगलादेशात फांद्यांचे ढीग पाण्यात रचून काही महिन्यांनी त्यांभोवती जाळे टाकतात. आफ्रिकेत बेनिनच्या खाजणांतही अशीच जुनी रीत आहे. पण फांद्यांसाठी काठची झाडी तुटते, ही तिची उणी बाजू. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1972 साली सुमारे 20 लक्ष जुने टायर समुद्रात टाकले गेले. त्यांची बंधने सुटली, टायर जवळच्या प्रवाळांवर आदळले आणि पुढे ते काढण्यावर खर्च करावा लागला. हे वाचल्यावर मी मामांना सुचवलेली टायरची योजना गुपचूप खोडून टाकली!

मला सर्वांत मोलाचे वाटले ते आपल्या शेजारचे, भंडारा-गोंदियाचे उदाहरण. तेथील मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पुढे कित्येक तलावांत बेशरम माजली. तेथे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर ढिवर स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटली, तळ नांगरला आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या देशी वनस्पती लावल्या. हे घर कुजत नाही, उलट वाढते. आमच्या शास्त्राच्या भाषेत, त्यावर घसारा लावावा लागत नाही.

बांबूवर मात्र तो लावावा लागतो. शिवाय तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जलाशयाची पातळी उन्हाळ्यात उतरते, म्हणून भारे निरनिराळ्या खोलीवर हवेत; अगदी खोल तळाशी उजेड नाही आणि प्राणवायूही कमी पडतो. ओढजाळे अडकू नये म्हणून मधून मोकळी वाट व खुणेचे खांब हवेत. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, ती म्हणजे संयम. आडोशाला मासे गोळा होतात, आणि गोळा झालेला मासा पकडणे सोपे. तेथेच जाळे टाकले, तर उत्पन्न वाढल्याचा भास होतो. वस्तुतः आपण भांडवलच खात असतो.

मंडळाच्या बैठकीत यावर खूप वाद झाला. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे, त्याला "भाऱ्याजवळ जाळे टाकू नका" हे सांगण्याचा अधिकार मला आहे काय, असे एकाने विचारले. मला उत्तर देता आले नाही. अखेर त्या वृद्ध ढिवरांनीच तोड काढली: एका कोपऱ्यात बारा भारे टाकायचे, तेवढाच भाग एक हंगाम राखायचा आणि काठाला देशी वनस्पती लावायच्या. बाकीचा तलाव मोकळा.

आम्ही भारे सुतळीने बांधले. कारण सुतळी कुजते, नायलॉन मागे फास बनून राहतो. वहीत मी एक नवे पान उघडले आहे. खर्चाची बाजू भरली, जमेची कोरी आहे. ती भरायला पुढच्या सुट्टीत मोहगावला जाईन.