घरच्या मत्स्यालयातील मुशी

मुशी म्हटली की आपल्याला आठवते ती बाजारात तुकडे करून विकली जाणारी मासळी, नाहीतर चित्रपटातला तो अक्राळविक्राळ जबडा. तिला घरी काचेच्या पेटीत पाळतात असे सांगितले तर पुष्कळांना थट्टा वाटेल. पण ‘बांबू शार्क’ या लहान मुशी हौसेने पाळल्या जातात. यांची एक राखी जात आपल्या अरबी समुद्रातही आहे. पाळण्यासाठी मात्र तपकिरी पट्ट्यांची जात अधिक विकली जाते.

कित्येक मोठ्या मुशींना श्वासासाठी सतत पोहावे लागते. ही मुशी तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडते, म्हणून तळाशी स्वस्थ पडून राहू शकते. ओहोटीला उघड्यावर सापडली तरी काही तास तग धरते. या चिवटपणालाच हौशी माणूस फसतो. अंड्यातून निघालेले पट्टेदार पिलू वीतभरही नसते. तेच पुढे 1 मीटरपर्यंत वाढते. त्यामुळे पेटीची उंची न पाहता लांबी-रुंदी पाहावी. 700 लिटरांहून लहान पेटीत तिला ठेवू नये, असे माझे मत आहे. तळाला बारीक वाळूच हवी, टोकदार खडीने पोट सोलवटते.

खरी परीक्षा पाण्याची. समुद्रापासून दूर राहणाऱ्याने लिटरला सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात मत्स्यालयासाठीचे सागरी क्षार मिसळावेत. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. मुशीच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, म्हणून हे जिवाणू पेटीत रुजल्यावरच मुशी आणावी. नायट्रेट निरुपद्रवी समजून लोक निर्धास्त राहतात, आणि येथेच घात होतो. साचलेले नायट्रेट अवटु ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. मुशीचा गळा सुजतो, चक्क गलगंड होतो! गलगंडावर आयोडीन, हे आपण शाळेत शिकलो. येथे पाण्यात आयोडीन असूनही भागत नाही, पाणीच वेळोवेळी बदलावे लागते.

इतर माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की मोरचुदासारखी तांबेयुक्त औषधे घालतात. मुशीच्या पेटीत ती कदापि घालू नयेत. तांबे तिला मारक ठरते.

कोळंबी, माकूळ, माशाचे तुकडे आठवड्यातून दोन-तीनदा पुरतात. उरलेले लगेच काढावे. आणि पिलू घेण्यापूर्वी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: मीटरभर झालेली मुशी तो परत घेईल काय? परमुलखातली जात आपल्या समुद्रात सोडून देता येत नाही.